समासात लिहिलेली अट: ग्रां-प्रे, १७५५

सप्टेंबर १७२६, नोव्हा स्कॉशियातला अ‍ॅनापोलिस रॉयलचा किल्ला. इंग्रजांचा लेफ्टनंट गव्हर्नर लॉरेन्स आर्मस्ट्राँग बसलाय आणि समोर नदीकाठच्या गावांतले फ्रेंच बोलणारे कॅथलिक शेतकरी, ज्यांना अकेडियन म्हणतात ते. कागद तयार आहे. इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहू अशी शपथ घ्यायची, खाली सही करायची, नाहीतर खूण करायची, एवढंच काम. शेतकरी म्हणतात शपथ घेतो, पण आम्हाला कधी हत्यार उचलायला लावणार नाही हे त्यात घाला. आर्मस्ट्राँग म्हणतो त्याची भीती कशाला, कॅथलिक माणसाला ब्रिटिश फौजेत घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. शेतकरी काही हटत नाहीत. शेवटी कौन्सिलशी बोलून तोडगा निघतो, की फ्रेंच भाषांतराच्या समासात ती अट लिहून द्यायची, म्हणजे यांना हळूहळू वळवून घेता येईल. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, कौन्सिलच्या इतिवृत्तात तसं चक्क नोंदवून ठेवलंय.

एकोणतीस वर्षांनी याच लोकांच्या पोराबाळांना गुरांसारखं जहाजांत भरून अटलांटिकच्या किनाऱ्यावर इकडेतिकडे टाकून दिलं, आणि कारण काय तर तुम्ही बिनशर्त शपथ घेतली नाही. हे सगळं प्रकरण त्या समासातल्या ओळीवर उभं आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

ही माणसं कोण

अकेडिया म्हणजे साधारण आजच्या कॅनडाचा पूर्व किनारा, नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड हा पट्टा. मुळात ही मिक्माक लोकांची भूमी, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे जे तह झाले त्यात दोन राजांनी जमीन एकमेकांना दिली-घेतली आणि ज्यांची होती त्यांना कुणी विचारलंही नाही. फ्रेंचांनी १६०५ मध्ये पोर्ट रॉयल वसवलं, १६३० च्या दशकापासून फ्रान्समधून कुटुंबं यायला लागली, आणि पुढच्या शंभर वर्षांत तीच कुटुंबं आपसात लग्नं करत, पोरं वाढवत पसरत गेली. बाहेरून नवी भर फार थोडी. त्यामुळे लेब्लां, एबेर, बूद्रो, लांद्री अशी मोजकी आडनावं, सगळा गाव एकमेकांचा सोयरा.

राज्य मात्र सारखं बदलत राहिलं. १६१३ मध्ये व्हर्जिनियाहून आलेल्या इंग्रजांनी पोर्ट रॉयल जाळलं, १६५४ मध्ये न्यू इंग्लंडवाल्यांनी (म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या इंग्रज वसाहतींनी) जिंकलं, १६६७ च्या तहात परत फ्रान्सला, १६९० मध्ये पुन्हा बोस्टनचं आरमार, १६९७ मध्ये पुन्हा फ्रान्सला, आणि १७१० मध्ये इंग्रजांनी घेतलं ते कायमचं, तेव्हाच पोर्ट रॉयलचं नाव राणी अ‍ॅनवरून अ‍ॅनापोलिस रॉयल झालं. किल्ल्यावरचा झेंडा बदलायचा, खाली शेतावर गुरं तीच आणि बांधही तेच. अशा ठिकाणी तीन-चार पिढ्या काढलेला माणूस कुठल्याही राजावर जीव ओवाळून टाकणार नाही हे उघड आहे. बोस्टनच्या व्यापाऱ्यांना तर हे लोक 'आमचे मित्र, म्हणजे शत्रू' म्हणायचे आणि माल त्यांच्याकडूनच घ्यायचे.

आता बांधांचं. बे ऑफ फंडीची भरती जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी, आतल्या मायनस खाडीत पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं. या पाण्याखाली जाणारी खाजण जमीन अकेडियन लोकांनी बांध घालून कोरडी केली. गवताच्या मुळांनी घट्ट झालेले चिखलाचे ठोकळे खास फावड्याने कापायचे, विटांसारखे रचायचे, आणि बांधाच्या पोटातून लाकडी पन्हळ काढून तिला आत एक झडप लटकवायची. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप बंद, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर. याला ते अब्वातो म्हणायचे. पेण-अलिबागकडच्या माणसाला हे समजवायची गरजच नाही, आमच्या खारबंदिस्तीतली उघाडी आणि गोव्याच्या खाजनातली मानस हेच काम करते. दोन-तीन वर्षांचा पाऊस पडून मीठ धुतलं गेलं की जी जमीन मिळायची ती गव्हाला आणि चाऱ्याला अशी, की जंगल तोडून शेती करायची गरजच नाही. मिक्माकांशी या लोकांचं बरं जमायचं त्यात याचाही भाग असणार, कारण त्यांनी शिकारीचं रान तोडलं नाही, समुद्राकडून जमीन घेतली. पण अशा जमिनीचा एक जाच असतो. ती सोडून जाता येत नाही. बांधाची डागडुजी दरवर्षी आणि सगळ्या गावाने मिळून करावी लागते, आणि बांध पाठीवर टाकून दुसरीकडे नेता येत नाही.

दोघांनाही हवे, आणि दोघांनाही नको

१७१३ च्या उट्रेक्टच्या तहात फ्रान्सने अकेडिया 'जुन्या सीमांनुसार' ब्रिटनला दिला. जुन्या सीमा म्हणजे कुठल्या हे कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि पुढची चाळीस वर्षं दोन्हीकडचे वकील आणि नकाशेवाले त्यावर भांडत बसले. लगतचं केप ब्रेटन बेट फ्रान्सकडेच राहिलं आणि तिथे त्यांनी लुईबूरचा जंगी किल्ला बांधायला घेतला. तहात अट होती की अकेडियन लोकांनी वाटल्यास वर्षभरात चीजवस्तू घेऊन निघून जावं. फ्रेंचांनी बोलावणी धाडली, या केप ब्रेटनला. काही जण बघून आले, जमीन खडकाळ, खाजणाचा पत्ता नाही. बहुतेकांनी नाद सोडला. आणि गंमत म्हणजे इंग्रजांनाही ते जायला नको होते, अ‍ॅनापोलिसच्या मूठभर शिबंदीला धान्य आणि मांस कोण पुरवणार, वर हे लोक आणि त्यांची गुरं केप ब्रेटनला गेली तर शत्रू बळकट होणार. म्हणून जायची परवानगी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात टोलवाटोलवी झाली.

मग शपथेचं त्रांगडं. १७२६ चा समासाचा प्रकार वर आलाच. १७३० च्या सुमाराला गव्हर्नर रिचर्ड फिलिप्सने सगळ्यांकडून शपथ घेतली आणि लंडनला कळवलं की काम फत्ते. कागदावर अट कुठेच नाही. तोंडी मात्र त्याने वचन दिलं होतं की युद्धात तुम्हाला फ्रेंचांविरुद्ध किंवा मिक्माकांविरुद्ध हत्यार धरायला लावणार नाही. मायनस खाडीकाठच्या ग्रां-प्रे गावच्या लोकांनी शहाणपणा करून हे वचन पाद्री आणि नोटरी यांच्याकडून लिहून घेतलं. म्हणजे एकाच शपथेचे दोन अर्थ दोन पेट्यांत पडून राहिले, लंडनच्या पेटीत बिनशर्त आणि ग्रां-प्रेच्या पेटीत तटस्थ. इंग्रज अधिकारीसुद्धा त्यांना 'न्यूट्रल फ्रेंच' म्हणायला लागले. निम्मं राज्य असंच चालतं म्हणा, पण हे टिकलं एवढ्याचसाठी की कुठल्याच बाजूकडे ते मोडायला पुरेसे शिपाई नव्हते.

लोक मात्र वाढत होते. १७१३ ला अडीच हजारांच्या आतबाहेर असलेले १७५५ पर्यंत बारा-चौदा हजारांच्या घरात गेले.

मद्रासच्या बदल्यात लुईबूर

इथे आपल्याकडचा एक धागा येतो आणि तो बराच महत्त्वाचा आहे. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या हौशी फौजेने लुईबूर जिंकून घेतलं, अख्ख्या बोस्टनमध्ये जल्लोष. पुढच्याच वर्षी इकडे फ्रेंच आरमाराच्या ला बूर्दोनेने इंग्रजांकडून मद्रास घेतलं. १७४८ चा तह झाला तेव्हा युरोपात बसून सौदा झाला, तुमचं मद्रास तुम्हाला आणि आमचं लुईबूर आम्हाला. बोस्टनवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आमच्या पोरांनी जीव देऊन घेतलेला किल्ला कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या वखारीसाठी सोडून दिला. त्यांना शांत करायचं आणि लुईबूरला शह द्यायचा म्हणून लंडनने १७४९ मध्ये हॅलिफॅक्स वसवलं, अडीच हजारांच्या आसपास प्रोटेस्टंट वसाहतवाले एका दमात आणून उतरवले. ते घेऊन आलेला गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिस. नाव ओळखीचं वाटतंय ना, याच्याच पुतण्याने पुढे मराठे आणि निजामाला सोबत घेऊन टिपूवर स्वारी केली.

हॅलिफॅक्स झालं आणि अकेडियन लोकांची गरजच संपली, ही या प्रकरणातली खरी कलाटणी असं मला वाटतं. तोवर ते धान्य पिकवणारे एकमेव होते, आता ते सुपीक जमीन अडवून बसलेले कॅथलिक झाले. कॉर्नवॉलिसने आल्या आल्या सांगितलं की अटबिट काही नाही, सरळ शपथ घ्या. लोक म्हणाले मग आम्ही निघून जातो. त्याने जाऊही दिलं नाही आणि जबरदस्तीही केली नाही, तेवढं बळ अजून नव्हतं. मिक्माकांच्या बाबतीत त्याने एवढाही धीर धरला नाही, त्यांच्या डोक्यांवर बक्षीस लावलं. (हॅलिफॅक्समधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये उतरवला, तो याच कारणाने.)

फ्रेंच काही धुतल्या तांदळाचे नव्हते. ल लूत्र नावाचा एक पाद्री होता, मिक्माकांमध्ये मिशनरी म्हणून आला आणि बघता बघता फ्रान्सचा सीमेवरचा माणूस झाला. १७५० मध्ये इंग्रज फौज बोबासां गावाकडे येतेय म्हटल्यावर त्याने आणि त्याच्या मिक्माक साथीदारांनी गावच पेटवून दिलं, का तर अकेडियन लोकांनी इंग्रजांच्या हद्दीत राहू नये, मिसाग्वाश नदी ओलांडून फ्रेंच बाजूला यावं. नदीच्या अलीकडे इंग्रजांचा फोर्ट लॉरेन्स, पलीकडे फ्रेंचांचा फोर्ट बोसेजूर, मध्ये जळालेलं गाव. स्वतःच्याच पाद्र्याने स्वतःचंच चर्च जाळलेले हे लोक पलीकडे निर्वासित म्हणून राहिले आणि फ्रेंचांनी त्यांना बांध घालायला आणि किल्ल्याच्या कामाला जुंपलं.

१७५५ चा उन्हाळा

आता गव्हर्नरच्या जागी आहे चार्ल्स लॉरेन्स, शिपाईगडी, नियमाला धरून चालणारा आणि चर्चेचा कंटाळा असलेला. जूनमध्ये मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या दोनेक हजार फौजेने फोर्ट बोसेजूर घेतला. आत दोन-तीनशे अकेडियन बंदुका घेऊन सापडले. शरणागतीच्या कलमांत स्पष्ट होतं की या लोकांना जिवाची धमकी देऊन लढायला लावलं होतं, त्यांना माफी आहे. ही माफी ज्या इंग्रजांनी दिली त्यांनीच पुढच्या महिन्यात हॅलिफॅक्समध्ये हाच पुरावा म्हणून वापरला, बघा तटस्थवाले हत्यारासकट सापडले.

त्याच जूनमध्ये मायनस भागातल्या लोकांच्या बंदुका आणि होड्या काढून घेतल्या गेल्या. त्यांनी अर्ज केला, परत द्या, जनावरांपासून रक्षण कसं करायचं. अर्जाची भाषा लॉरेन्सला उद्धट वाटली. सही करणाऱ्यांना जुलैच्या सुरुवातीला हॅलिफॅक्सला बोलावलं, एकेक वाक्य वाचून झापलं, आणि मग विचारलं, शपथ घेता का, आत्ता. ते म्हणाले गावात विचारून सांगतो. नाही, आत्ता. रात्रभर वेळ दिला. दुसऱ्या दिवशीही ते तयार नाहीत म्हटल्यावर सांगितलं की आता तुम्ही इंग्लंडच्या राजाची प्रजा नाही. हे ऐकून ते घाबरले आणि म्हणाले बरं, घेतो शपथ. तर कौन्सिलचं उत्तर काय, तर एकदा नाकारलेली शपथ कायद्याप्रमाणे कॅथलिकाला परत घेता येत नाही. आणि त्यांना बंदरातल्या बेटावर कैदेत टाकलं.

हा प्रसंग मी दोन-तीनदा वाचला. शपथ हवी होती असं ज्यांना वाटतं त्यांनी हा जरूर वाचावा. शपथ देत होते ना, मग घेतली का नाही?

जुलैच्या शेवटाला बातमी येऊन पोचली की इंग्रजांच्या जनरल ब्रॅडॉकच्या फौजेचा ओहायोच्या बाजूला फ्रेंचांनी आणि त्यांच्या मित्रांनी धुव्वा उडवला. घबराट. गावांतून नवे प्रतिनिधी आले, त्यांनीही जुनंच सांगितलं की आमच्या बापजाद्यांनी ज्या अटीवर शपथ घेतली त्याच अटीवर आम्ही आहोत. २८ जुलै १७५५ ला कौन्सिलने एकमताने ठराव केला. त्यातलं एक वाक्य फार बोलकं आहे: हे लोक परत येऊन, त्यांच्या जमिनींवर ज्यांना वसवलं जाईल त्यांना त्रास देऊ नयेत, म्हणून यांना वेगवेगळ्या वसाहतींत विखरून टाकावं. सुरक्षेचा मुद्दा खराच होता, लुईबूर शेजारी आणि युद्ध तोंडावर, ते कोणी नाकारत नाही. पण जमिनीवर पुढे कोण बसणार याचा विचार त्याच ठरावात होता, नंतर सुचलेला नाही. आणि अजून एक व्यवहारी कारण, मॅसॅच्युसेट्सची फौज एका वर्षाच्या कराराने आणलेली, पगार चालू, करार संपायच्या आत तिला कामाला लावायचं. जहाजं बोस्टनच्या अ‍ॅपथॉर्प आणि हॅनकॉक यांच्या पेढ्यांकडून भाड्याने, दर टनामागे दोन माणसं असा हिशोब. लंडनहून मंत्र्याचं पत्र निघालं होतं की सबुरीने घ्या, ते पोचेपर्यंत जहाजं भरायला लागली होती.

ग्रां-प्रे

ग्रां-प्रेला आला कर्नल जॉन विन्स्लो, मॅसॅच्युसेट्सचा, पन्नाशी ओलांडलेला, डायरी लिहिणारा. त्याच्यामुळेच आपल्याला दिवसागणिक काय झालं ते कळतं. सोबत तीनेकशे शिपाई. त्याने चर्च ताब्यात घेतलं, स्वतः पाद्र्याच्या घरात राहिला, भोवती खुंटांचं कुंपण घातलं. पाद्र्यांना आधीच अटक करून नेलं होतं. विन्स्लोने गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून सांगितलं की चर्चमधल्या पवित्र वस्तू काढून घ्या, विटाळ नको. सभ्य माणूस होता, आणि हे असं सभ्यपणे चाललेलं काम वाचताना जास्त अंगावर येतं.

सुगी चालू होती, ती होऊ दिली. मग हुकूम निघाला की शुक्रवारी, ५ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता दहा वर्षांवरचे सगळे पुरुष चर्चमध्ये हजर पाहिजेत, राजाचा हुकूम ऐकायला, न येणाऱ्याची मालमत्ता जप्त. ४१८ जण आले. दार बंद झालं. टेबलाशी उभं राहून विन्स्लोने वाचलं, दुभाष्याने फ्रेंचमध्ये सांगितलं: तुमच्या जमिनी, घरं, सगळ्या प्रकारची गुरंढोरं राजाकडे जमा, पैसे आणि घरातलं सामान जहाजात मावेल तेवढं न्या, आणि तुम्हाला या प्रांतातून हलवलं जाईल. हे काम माझ्या स्वभावाला फार न रुचणारं आहे असंही त्याने त्याच भाषणात सांगितलं. ते ऐकून समोरच्या ४१८ जणांना काय वाटलं असेल कोण जाणे.

जहाजं पुरेशी आलीच नव्हती. शेकडो पुरुष कोंडलेले आणि पहारेकरी त्यांच्याहून कमी, म्हणून १० सप्टेंबरला विन्स्लोने ठरवलं की तरण्या पोरांना आधी जहाजांवर चढवून ठेवू. १४१ पोरं रांगेत उभी केली. ती म्हणाली बापाशिवाय जाणार नाही. 'नाही' हा शब्द मला समजत नाही असं विन्स्लो म्हणाला, शिपायांना संगिनी रोखायला लावल्या, आणि समोरच्या एकाला स्वतः धरून म्हणाला, चल. पोरगं चाललं, मग बाकीचे. चर्चपासून किनारा दीडेक मैल. पोरं प्रार्थना म्हणत, गात, रडत चाललेली, वाटेच्या दोन्ही बाजूंनी बाया आणि पोरं गुडघ्यावर बसून आक्रोश करत होत्या. त्याच्या मागून लग्न झालेले ८९ जण. हे सगळं त्याने रात्री बसून लिहून ठेवलंय, स्पेलिंगच्या ढिगाने चुका करत.

मधे महिनाभर जहाजांची वाट बघणं चालू. घरच्या बायका रोज जेवण करून आणायच्या, कारण कैद्यांना खायला घालायची जबाबदारी घरच्यांवरच होती. ७ ऑक्टोबरच्या सुमाराला २४ पोरं जहाजावरून पळाली, बायकांचे कपडे घालून पळाली असं म्हणतात. विन्स्लोने फ्रांस्वा एबेर नावाच्या एकावर ठपका ठेवला, त्याला त्याच्याच दारात आणला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं घर आणि धान्याचं कोठार जाळलं. दुसऱ्या दिवसापासून बायका-पोरांना चढवायला सुरुवात. कुटुंबं फोडायची नाहीत असा विन्स्लोचा हुकूम होता, पण जहाजं कमी, घाई, अंधार, रडारड, आणि अकेडियन लोकांचं 'कुटुंब' म्हणजे आजी-आजोबा-चुलते-आते धरून सगळी वाडी. नवराबायको एका जहाजावर चढले तरी म्हातारी आई दुसऱ्यावर आणि ते दुसरं भलत्याच बंदराला.

रने लेब्लां हे या सगळ्यातलं सगळ्यात विचित्र उदाहरण. ग्रां-प्रेचा म्हातारा नोटरी, इंग्रजांच्या बाजूचा म्हणून प्रसिद्ध, इतका की त्यासाठी मिक्माकांनी त्याला पकडून कैदेत ठेवलं होतं. एवढी निष्ठा दाखवली तरी यादीत त्याचं नाव होतंच. त्याला बायको आणि धाकट्या दोन पोरांसकट न्यूयॉर्कला उतरवलं, बाकीची लेकरं-नातवंडं इतरत्र. शोधत शोधत तो फिलाडेल्फियाला पोचला आणि तिथेच गेला. म्हणजे निष्ठेचा प्रश्न असता तर हा माणूस तरी राहिला असता की नाही?

लोक गेल्यावर परत येऊन राहू नयेत म्हणून घरं जाळली. विन्स्लोने आकडे लिहिलेत, त्याच्या हद्दीत २५५ घरं, २७६ धान्याची कोठारं, गोठे-झोपड्या वेगळ्या, ११ गिरण्या आणि एक चर्च. बाकीच्या ठिकाणीही तेच चाललं होतं. अ‍ॅनापोलिसला मेजर हँडफील्डने तर स्वतःच्या बायकोच्या नात्यातली माणसं जहाजांवर चढवली.

सगळेच मुकाट गेले असंही नाही. फोर्ट लॉरेन्समधून ८६ कैदी वादळी रात्री भुयार खणून निसटले. अ‍ॅनापोलिसहून नॉर्थ कॅरोलायनाला निघालेलं पेम्ब्रोक नावाचं जहाज वरच्या सव्वादोनशे अकेडियन लोकांनी वाटेतच ताब्यात घेतलं आणि सरळ फिरवून सेंट जॉन नदीत नेलं. बरेच जण रानात शिरले, मिक्माकांच्या आधाराने राहिले, आणि त्यातले कितीतरी पहिल्याच हिवाळ्यांत भुकेने मेले.

पांगापांग

त्या वर्षी सहा-सात हजार हलवले, १७६३ पर्यंत मिळून दहा हजारांच्या वर. ज्या वसाहतींत उतरवलं त्यांना बहुतेकांना आधी कळवलंही नव्हतं, लॉरेन्सचं पत्र जहाजाबरोबरच पोचायचं. फिलाडेल्फियाला साडेचारशे लोक देवीच्या साथीसकट हिवाळ्याच्या तोंडावर बंदरात अडकून, शेवटी अँथनी बेनेझेट नावाच्या क्वेकर शिक्षकाने त्यांच्यासाठी धावपळ केली. मॅसॅच्युसेट्सने त्यांना गावागावांत वाटून टाकलं, परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि पोरं लोकांच्या घरी कामाला बांधून दिली. व्हर्जिनियाने तर घेतलेच नाहीत, अकराशे जणांना पुढे इंग्लंडला पाठवून दिलं. ते लिव्हरपूल, साउदॅम्प्टन, ब्रिस्टल, फाल्मथ इथे गोदामांत युद्ध संपेपर्यंत सात वर्षं राहिले, त्यातले कित्येक देवीने गेले. जॉर्जियातल्या काहींनी होड्या मिळवल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला घराकडे निघाले, तर लॉरेन्सने पत्र पाठवून त्यांना मॅसॅच्युसेट्समध्ये अडवायला लावलं.

सगळ्यात वाईट १७५८. लुईबूर पडल्यावर आजच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरून तीन हजारांवर लोकांना थेट फ्रान्सला धाडलं, डिसेंबरच्या अटलांटिकमध्ये, जुन्या जहाजांतून. 'व्हायोलेट' आणि 'ड्यूक विल्यम' ही दोन बुडाली. ड्यूक विल्यमवरचे साडेतीनशेच्या वर लोक गेले, कप्तान आणि खलाशी होड्यांतून सुटले. त्या एका हकालपट्टीत जवळपास निम्मे लोक बुडून नाहीतर रोगाने मेले.

आणि ज्या फ्रान्सच्या नावाने यांना शिक्षा झाली त्या फ्रान्सने काय केलं? पेन्शन दिली, तुटपुंजी, आणि प्रयोगाला वापरलं. काहींना बेल-ईल बेटावर, काहींना प्वातूच्या नापीक माळावर, काहींना थेट फॉकलंड बेटांवर, गयानाच्या जंगलात, सेंट डोमिंगच्या (आजच्या हैतीच्या) उन्हात. दीडशे वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाला फ्रान्स हा परकाच देश होता. शेवटी १७८५ मध्ये, बहुतेक नांत बंदरातून, सात जहाजांनी सोळाशे जण लुइझियानाला गेले, जे तेव्हा स्पेनचं होतं. त्यांच्या आधी, १७६५ मध्ये, बोसोलेय ब्रूसार नावाचा लढवय्या हॅलिफॅक्सच्या कैदेतून सुटून दोनशे लोक घेऊन तिथे पोचला होताच. अकादियां, कादियां, मग कॅजन. लुइझियानाच्या दलदलीत आज कॅजन म्हणून जे लोक आहेत ते हे.

बांधांचं काय झालं

नोव्हेंबर १७५९ मध्ये फंडीच्या खाडीत मोठं वादळ झालं, त्यात उधाण, आणि चार वर्षं कुणी हात न लावलेल्या बांधांना ठिकठिकाणी खांडी गेल्या. खारं पाणी शेतात. त्या सुमाराला न्यू इंग्लंडमधून नवे वसाहतवाले यायला लागले, पुढच्या सात-आठ वर्षांत एकूण आठ हजारांच्या आसपास, याच जमिनींची जाहिरात वाचून. कनेटिकटच्या माणसाला दगडाची भिंत येते, खाजणाचा बांध कुठला येणार? मग फोर्ट एडवर्डमध्ये कैदेत असलेल्या अकेडियन लोकांना बाहेर काढलं, मजुरी देऊन त्यांच्याकडूनच बांध दुरुस्त करून घेतले. स्वतःच्या आजोबाने घातलेला बांध, स्वतःचं जळलेलं घर दिसतंय, आणि आपण रोजावर चिखलाचे ठोकळे रचतोय परक्याच्या गव्हासाठी. चर्चमधल्या दृश्याची चित्रं लोकांनी खूप काढली, माझ्या डोक्यात मात्र हेच राहतं. हे लोक इतके उपयोगी होते की नंतर अधिकारीच त्यांना घालवायला कां-कू करायला लागले.

१७६४ मध्ये परत यायची परवानगी मिळाली, शपथ घेऊन आणि थोडेथोडे विखरून राहायच्या अटीवर. काही जण पायी आले. जुन्या जमिनी अर्थातच गेलेल्या, मग सेंट मेरी उपसागराचा खडकाळ किनारा, केप ब्रेटनचं शेटिकँप गाव, न्यू ब्रन्सविकचा उत्तर भाग, जिथे शेती धड होत नाही म्हणून पोटासाठी मासेमारीला लागले. आज तिथे फ्रेंच ऐकू येतं ते यांच्यामुळे. १८८१ मध्ये त्यांनी सभा भरवून आपला राष्ट्रीय दिवस ठरवला तो १५ ऑगस्ट, मेरीमातेचा सण म्हणून, त्या तारखेचा आपल्याशी काही संबंध नाही पण वाचताना दचकायला होतं.

१९९० मध्ये लुइझियानातल्या वॉरन पेरिन नावाच्या वकिलाने ब्रिटिश राजसत्तेकडे अर्ज केला, झालं ते चूक होतं एवढं तरी मान्य करा. तेरा वर्षं गेली. डिसेंबर २००३ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांच्या सहीने राणीचं फर्मान निघालं. अकेडियन लोकांना झालेल्या त्रासाची नोंद घेतली गेली आणि २८ जुलै, म्हणजे कौन्सिलच्या ठरावाचाच दिवस, स्मरणदिन ठरला. आणि त्यातच एक कलम आहे, की या फर्मानाचा अर्थ राजसत्तेने कुठलीही कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी मान्य केली असा होत नाही. ही अट मात्र समासात नाहीये, मुख्य मजकुरात आहे, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही.